घरचं बी, घरची निवड: वाण सुधारण्याच्या पद्धतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी घरचं बी धरतोच. मग ‘निवड’ म्हणजे वेगळं काय करायचं?

पिकलेलं फळ फोडून बी वाळवलं की बी साठवणं झालं. निवडीत पुढची पिढी कोणत्या झाडांपासून वाढवायची ते ठरवावं लागतं, आणि हा निर्णय झाड उभं असताना घ्यायचा असतो. टोपलीतलं सगळ्यात मोठं वांगं बियाला ठेवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ते वांगं ज्या झाडाचं होतं त्याला आणखी किती वांगी लागली, त्यातली किती किडकी निघाली, झाड कधी थकलं, यातलं काहीच टोपलीत दिसत नाही. बी झाडाचे गुण घेऊन येतं. एकाच झाडावरच्या मोठ्या आणि लहान फळातल्या बियांमध्ये आनुवंशिक दृष्ट्या म्हणण्यासारखा फरक नसतो. म्हणून निवड झाडाची करायची, फळाची नाही. या पानावर बाकी कितीही तपशील असला, तरी एवढं एक पाळलं तर तीन-चार हंगामांत फरक दिसायला लागतो.

सुरुवात कोणत्या पिकापासून करावी?

टोमॅटो, घेवडा, चवळी, वाटाणा. ही पिकं स्वपरागित आहेत. फूल पूर्ण उमलायच्या आधीच किंवा उमलताना त्याच फुलातले पराग कुक्षीवर, म्हणजे फुलातल्या मादी भागाच्या टोकावर, पडतात, त्यामुळे शेजारी दुसरं वाण असलं तरी भेसळ फार कमी होते. चांगलं झाड निवडलं की त्याची पिल्लावळ बरीचशी त्याच्यासारखी निघते.

वांगी, मिरची, भेंडी आणि तूर मधल्या गटातली आहेत. स्वपरागीभवन होतं, पण मधमाश्या बऱ्यापैकी भेसळ करतात. काकडी, दुधी, दोडका, कारलं, भोपळा, मका, बाजरी, कांदा, मुळा, कोथिंबीर, पालक ही पिकं परपरागित आहेत, म्हणजे पराग बहुधा दुसऱ्या झाडावरून येतो, आणि यांच्यात पराग कुठून आला हे आपल्या हातात घेतल्याशिवाय निवड अर्धीच राहते. आई निवडलेली असते, बाप कोण ते माहीत नसतं.

पाकिटावर ‘एफ-१’ लिहिलं आहे. त्या फळातलं बी लावलं तर उगवेल का?

उगवेल, पण झाडं एकसारखी येणार नाहीत. एफ-१ म्हणजे दोन वेगळ्या शुद्ध वाणांच्या संकराची पहिली पिढी. तिच्या बियांतून येणाऱ्या दुसऱ्या पिढीत आई-बापाचे गुण फुटून वेगवेगळे होतात: कुणी उंच, कुणी बुटकं, कुणाची फळं लांब, कुणाची गोल. विकायला पीक घ्यायचं असेल तर हा तोटाच. निवड करणाऱ्याला मात्र हा कच्चा माल आहे.

स्वपरागित पिकात प्रत्येक पिढीला मिश्रपणा, म्हणजे जनुकांच्या जोडीत दोन वेगळी रूपं असणं, निम्म्याने घटतो. दुसऱ्या पिढीत ज्या जनुकांच्या जोड्या फुटतात त्यांपैकी ५० टक्के मिश्र असतात, तिसऱ्यात २५, चौथ्यात १२.५ आणि सातव्या पिढीत दीड टक्क्याच्या आसपास. म्हणून संकरित टोमॅटोपासून स्वतःचं स्थिर वाण करायचं तर सहा-सात पिढ्या धराव्या लागतात. वर्षाला दोन हंगाम घेतले तर तीन-साडेतीन वर्षं. कांदा आणि कोबीवर्गीय भाज्यांचे काही संकर नर-वंध्य आईपासून केलेले असतात. त्यांच्या पुढच्या पिढीत काही झाडांना परागच धरत नाहीत, त्यामुळे तिथे सुरुवात सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणापासून करावी.

निवडीची सगळ्यात सोपी पद्धत कोणती?

समूह निवड. वाफ्यातली उत्तम झाडं हेरायची, त्यांचं बी एकत्र करायचं, पुढच्या हंगामात तेच पेरायचं.

सोपी असली तरी तिच्यात एक ठरलेली चूक होते. बांधाकडच्या, शेणखताच्या ढिगाजवळच्या किंवा पाण्याच्या पाटाच्या तोंडच्या झाडाला ऊन, खत, पाणी जास्त मिळतं आणि ते साहजिकच दांडगं दिसतं. डोळा तिकडेच जातो. हे दांडगेपण बियात उतरत नाही. यावर उपाय असा: कडेच्या दोन ओळी बियाला धरायच्याच नाहीत. उरलेल्या वाफ्याचे दोरीने सारखे चौकोन पाडायचे, समजा प्रत्येकात दहा झाडं, आणि प्रत्येक चौकोनातून त्या चौकोनातलं सर्वात सरस एक झाड घ्यायचं. जिथे जमीन हलकी आहे तिथलं सरस झाड कदाचित भारी जमिनीतल्या मध्यम झाडाएवढंच दिसेल. तरीही तेच घ्यायचं, कारण तुलना सारख्या परिस्थितीतल्या झाडांशीच व्हायला हवी. गच्चीवर कुंड्या असतील तर सगळ्यांत एकाच ढिगातली माती भरा आणि दर आठवड्याला कुंड्यांच्या जागा फिरवा.

झाडं तीनदा पाहायची. रोप असताना, फुलावर आल्यावर आणि फळं भरात असताना. प्रत्येक वेळी पसंतीच्या झाडाला एक रंगीत चिंधी बांधा. शेवटी ज्याच्यावर तीन चिंध्या ते बियाचं झाड. नको असलेली, वेगळीच दिसणारी झाडं परपरागित पिकात फुलण्याआधी उपटा. फुलल्यावर उपटून उपयोग नाही, त्यांचे पराग तोवर पसरलेले असतात.

गुण निवडताना लोभ आवरावा. फळाचा रंग, आकार, काटे, पानाची ठेवण, फुलावर येण्याचा काळ हे गुण चटकन पकडीत येतात. एकूण उत्पन्नावर हवापाण्याचा इतका प्रभाव असतो की एकेका झाडाकडे पाहून ते नीट कळत नाही. एका वेळी दोन, फार तर तीन गुण धरा.

एकाच झाडापासून नवं वाण निघू शकतं का?

स्वपरागित पिकात निघतं, आणि याचं ठळक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या भाताच्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या पिवळसर लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढून ठेवल्या, पुढच्या हंगामात स्वतंत्र लावल्या आणि त्यातूनच पुढे बारीक दाण्याचा ‘एचएमटी’ तांदूळ उभा राहिला; नाव त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून पडलं. भात स्वपरागित असल्यामुळे असा वेगळा निघालेला गुण लवकर स्थिर होतो.

पद्धत अशी: वेगळं झाड दिसलं की त्याचं बी दुसऱ्या कशातही मिसळू नका. पुढच्या हंगामात त्या एका झाडाच्या बियांची एक ओळ आणि शेजारी मूळ वाणाची एक ओळ लावा. ओळीतली झाडं आपापसात सारखी आणि मूळ वाणापेक्षा वेगळी निघाली तर गुण खरा. ओळ मूळ वाणासारखीच निघाली तर तो फरक जमिनीचा होता. ओळीत सरमिसळ निघाली तर ते झाड नैसर्गिक संकर होतं आणि अजून काही पिढ्या एकेक झाड वेगळं धरावं लागेल. दहा झाडं निवडली असतील तर दहा पाकिटं, दहा ओळी. ही ओळीची परीक्षा वगळली की निवड नुसत्या नजरेवर राहते.

आमची कोथिंबीर आणि पालक दरवर्षी लवकर तुऱ्यावर येऊ लागले आहेत. बी बिघडलं का?

बी बिघडलं नाही, नकळत उलटी निवड झाली. पानं खुडून झाल्यावर जी झाडं सर्वात आधी तुऱ्यावर येतात तीच बियाला सोडली जातात, आणि दरवर्षी लवकर फुलणारं बी पुढे जातं. पानासाठी लावलेल्या पिकात आधी तुरा काढणारी पहिली पाव झाडं उपटून भाजीत वापरा. उरलेल्यांपैकी सर्वात उशिरा फुलणाऱ्यांचं बी धरा. मुळ्यातही तसंच: मुळा पोसायच्या आधी फुलणारं झाड काढून टाका. पोसलेले मुळे उपटून, सरळ, न फुटलेले, न पोकळलेले निवडा. पाला चार बोटं ठेवून कापा, मुळ्याचा वरचा अर्धा भाग ठेवून पुन्हा लावा आणि मग बियावर जाऊ द्या. न उपटता बियाला सोडला तर आतला मुळा कसा आहे हे कधीच कळत नाही.

कांद्यात हीच चूक सर्वात महाग पडते. पहिल्याच हंगामात डेंगळे (फुलांचे दांडे) आलेल्या कांद्याचं बी धरलं तर पुढच्या पिकात डेंगळे वाढतात. कांदा काढायचा, चाळीत साठवायचा, साठवणीत न सडलेले, न कोंब फुटलेले, एका मानेचे कांदे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बियासाठी लावायचे. यात टिकाऊपणाची निवड आपोआप होते.

भोपळी मिरचीशेजारी लवंगी लावली. याच वर्षी भोपळी मिरची तिखट होईल का?

नाही. फळाचा गर, साल आणि आतली तिखट शीर हे सगळं आईच्या शरीराचा भाग आहे. पराग कुणाचाही असो, यंदाचं फळ तसंच राहतं. संकर झाला असेल तर तो त्या फळातल्या बियांमध्ये असतो आणि ते बी लावल्यावर पुढच्या पिढीत दिसतो. मक्याची गोष्ट वेगळी. तिथे आपण बीच खातो, म्हणून पांढऱ्या मक्यावर पिवळ्या मक्याचे पराग पडले तर त्याच कणसात पिवळे दाणे दिसतात.

जागा कमी आहे. विलगीकरण अंतर (भेसळ टाळायला दोन वाणांत ठेवायचं अंतर) कसं पाळायचं?

भारतीय बीज प्रमाणीकरणात प्रमाणित बियाण्यासाठी टोमॅटोला २५ मीटर, वांग्याला १०० मीटर, मिरचीला २०० मीटर आणि वेलवर्गीय भाज्यांना ५०० मीटर अंतर धरलेलं आहे. ज्यापासून प्रमाणित बी तयार करतात त्या पायाभूत बियाण्याला याच्या दुप्पट. शहरात किंवा गुंठ्याच्या तुकड्यात हे अशक्य आहे. अंतराऐवजी पिशवी वापरा. मिरची, वांगी यांच्या न उमललेल्या कळ्यांच्या फांदीवर पातळ मलमलीची किंवा ऑर्गन्झाची पिशवी चढवा, तोंड देठाशी दोऱ्याने बांधा आणि रोज सकाळी फांदीला टिचकी मारा, म्हणजे पराग झडतात. फळ धरल्यावर पिशवी काढून त्या फळाच्या देठाला लोकर बांधा. भेंडीचं फूल पहाटे उमलतं आणि एकच दिवस टिकतं, म्हणून आदल्या संध्याकाळी पिवळसर झालेल्या कळीचं टोक दोऱ्याने बांधून टाकलं तरी पुरतं.

वांग्यात आखूड स्त्रीकेसराची फुलं फळ धरत नाहीत. पिशवी चढवण्याआधी कुक्षी परागकोषांच्या बाहेर आलेली फुलं त्या फांदीवर आहेत ना, ते पाहा.

दुधी, भोपळा, काकडीला हाताने पराग कसे द्यायचे?

मादी कळीच्या खाली इवलंसं फळ असतं, नर कळीला नुसता देठ. उमलायची वेळ पिकानुसार वेगळी: काकडी, कारलं, लाल भोपळा सकाळी, दुधी आणि दोडका संध्याकाळी. उमलायच्या काही तास आधी, दुसऱ्या दिवशीच्या टपोऱ्या, रंग चढलेल्या नर आणि मादी कळ्या चिकटपट्टीने किंवा दोऱ्याने बांधून ठेवा. उमलण्याच्या वेळी नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मादी फूल हळूच उघडून कुक्षीच्या तिन्ही पाळ्यांवर परागकोष फिरवा. एका मादी फुलाला दोन नर फुलं वापरा, शक्यतो दुसऱ्या वेलावरची. मादी फूल परत बांधा, देठाला खूण करा. पराग कमी पडले तर फळ एका बाजूने वाकडं होतं किंवा पिवळं पडून गळतं. वेलावर आधीच दोन-तीन फळं पोसत असतील तर नवं फळ वेल टाकून देतो. म्हणून बियाचं फळ आधी धरा, भाजीची नंतर.

दुधी, काकडी, कारलं, लाल भोपळा यांचा एकमेकांशी संकर होत नाही, तेव्हा चारही एका मांडवावर चालतील. एकाच पिकाची दोन वाणं मात्र नकोत.

एखादा दुधी किंवा काकडी कडू निघाली तर?

कडू दुधी अजिबात खाऊ नये, रस तर मुळीच पिऊ नये. हा कडवटपणा कुकुर्बिटासिन या द्रव्यांमुळे असतो आणि त्याने जोराच्या उलट्या, जुलाब आणि रक्तस्रावापर्यंत त्रास होतो. बियासाठी धरलेल्या प्रत्येक वेलाचं एक कोवळं फळ आधी कापून कच्च्या तुकड्याला नुसती जीभ लावून पाहा, थुंका. कडू लागलं तर तो वेल फुलांसकट काढा. अशा वेलाचं बी कुणालाही देऊ नका.

दोन टोमॅटोंचा संकर घरी करता येतो का?

येतो. लागतं ते एवढंच: अणकुचीदार चिमटा, तो पुसायला स्पिरिट, काळा कागद, दोरा आणि स्थिर हात. दिवसा ३५ अंशांवर पराग निकामी होऊ लागतात, म्हणून आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

संध्याकाळी आई-झाडावरची अशी कळी शोधा जिच्या पाकळ्या फिक्या पिवळ्या झाल्यात पण उघडलेल्या नाहीत. पूर्ण पिवळी, उघडू लागलेली कळी घेतली तर तिचं स्वपरागीभवन होऊन गेलेलं असतं. हिरवी घेतली तर कुक्षी तयार नसते आणि कळी गळते. पाकळ्या बाजूला करून परागकोषांचा सुळका चिमट्याने एका बाजूने उचला आणि अख्खा ओढून काढा. मधली हिरवट काडी म्हणजे स्त्रीकेसर. तिला धक्का लागता कामा नये. त्या घोसातली बाकीची फुलं खुडून टाका. कळीवर छोटी पिशवी घाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दव सुकल्यावर बाप-झाडाचं पूर्ण उमललेलं फूल काळ्या कागदावर धरून झटका. बॅटरीवरचा दात घासायचा ब्रश देठाला लावला तर पराग छान झडतात. पिवळसर पूड दिसेल. तिच्यात कुक्षी बुडवा. तिसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. फुलाची दोन निदलं (पाकळ्यांखालची हिरवी पानं) कापून ठेवा. चिठ्ठी पडली तरी फळ ओळखता येतं. चिठ्ठीवर आधी आईचं, मग बापाचं नाव आणि तारीख. फळ ४५ ते ५५ दिवसांत पिकतं.

संकर खरंच झाला की कळीने गुपचूप स्वतःचेच पराग घेतले, हे कसं ओळखायचं? आई बटाट्यासारख्या अखंड पानाची आणि बाप साध्या कातरलेल्या पानाचा घ्या. बटाटा-पान हा अप्रभावी गुण आहे, म्हणजे जोडीतली दोन्ही जनुकं त्याची असतील तरच तो दिसतो. संकर झालेली सगळी रोपं कातरलेल्या पानांची येतील. बटाटा-पानाची आलेली रोपं संकर नसलेली, ती तिथेच काढून टाका.

दुसऱ्या पिढीत किती झाडं लावावी लागतात?

हवा असलेला गुण एका अप्रभावी जनुकावर असेल, जसं टोमॅटोचं पिवळं फळ, तर चारात एक झाड तसं येतं. तसं किमान एक झाड मिळण्याची ९५ टक्के खात्री हवी तर ११ झाडं लावा. दोन अप्रभावी गुण एकत्र हवेत तर सोळात एक, म्हणजे ४७ झाडं. तीन हवेत तर चौसष्टात एक, म्हणजे १९१. गच्चीवर म्हणूनच दोन गुणांपलीकडे जाऊ नये. दोनपैकी एक गुण बटाटा-पान असेल तर तो रोपातच दिसतो, तेव्हा ४७ रोपं ट्रेमध्ये वाढवून बटाटा-पानाची तेवढी कुंडीत हलवली की कुंड्या दहा-बारावर येतात.

जागा फारच कमी असेल तर ‘एक झाड, एक बी’ पद्धत वापरा: दुसऱ्या पिढीपासून प्रत्येक झाडाचं एकच बी पुढे न्यायचं, लहान कुंडीत एक-दोन फळं धरेपर्यंतच वाढवायचं, निवड करायचीच नाही. पाचव्या-सहाव्या पिढीत झाडं स्थिर झाली की मग मोठ्या कुंडीत लावून निवडायची.

किती झाडांचं बी धरलं तर वाण खालावत नाही?

टोमॅटो, घेवडा, चवळीत पाच-सहा झाडं पुरतात. मिरची, वांगी, भेंडीत दहा-वीस. वेलांत किमान पाच-सहा. मका आणि कांद्याची गोष्ट गंभीर आहे: मक्याची शंभराहून आणि कांद्याची पन्नासाहून कमी झाडं धरली तर काही पिढ्यांत रोपं खुरटतात, कणसं भरत नाहीत. जागा नसेल तर गावातल्या चार घरांनी मिळून एकच वाण लावावं आणि बी एकत्र करावं.

रोगट झाडातून प्रतिकारक झाड कसं निवडायचं?

भेंडीचा केवडा (पानं पिवळी पडणं) आणि टोमॅटोचा पर्णगुच्छ (पानं आखडून गुच्छ होणं) हे रोग पांढरी माशी पसरवते. सगळा वाफा केवड्याने पिवळा पडला आणि एक झाड हिरवं राहिलं, तर ते जरूर धरा, पण एका वर्षात निष्कर्ष काढू नका. माशी तिथे पोचलीच नसेल. पुढच्या हंगामात त्याच्या ओळीच्या दोन्ही बाजूंना मूळ वाण लावून पाहा. घेवडा आणि चवळीचा मोझॅक (पानांवर फिके-हिरवे पट्टे पाडणारा रोग) मात्र बियातून पुढे जातो. तिथे रोगट झाडाचं बी कितीही भरलेलं दिसलं तरी घेऊ नये.

बी काढणं, वाळवणं, साठवणं?

खायला योग्य फळ बियाला कोवळं असतं. भेंडीची शेंग झाडावरच वाळून तपकिरी व्हावी, वांगं पिवळं पडावं, काकडी पिवळी-तांबूस व्हावी, दुधीचं कवच वाजावं. टोमॅटोचा बियांभोवतीचा गर थोड्या पाण्यात उन्हाळ्यात २४ तास, थंडीत ४८ तास आंबवा. जास्त ठेवलं तर बी भांड्यातच मोड धरतं. तळाला बसलेलं धुऊन घ्या, तरंगणारं टाका.

सावलीत, वाऱ्यावर, ताटलीत पसरून वाळवा. कागदावर टोमॅटोचं बी चिकटतं. दुपारच्या कडक उन्हात पत्र्यावर वाळवलं की उगवण मरते. घेवड्याचा दाणा दाताखाली दबला नाही, तुटला, तर वाळला. मग घट्ट झाकणाची बरणी, तळाशी कोरडी चाळलेली राख किंवा सिलिका जेल. ओलावा एक टक्क्याने कमी झाला तर बियाचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. कडधान्यात भुंगेऱ्यांची अंडी शेतातूनच शेंगांवर येतात, म्हणून पूर्ण वाळलेलं बी हवाबंद डब्यात आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि डबा बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. लगेच उघडला तर बियाला पाणी सुटतं. कांद्याचं बी एका वर्षात संपवा. टोमॅटो चार वर्षं सहज टिकतो.

असं बी विकता येतं का?

२००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ नुसार शेतकरी आपलं बी ठेवू, पेरू, वाटू आणि विकू शकतो, संरक्षित वाणाचंही; मात्र संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही. संरक्षित वाण वापरून त्यातून नवं वाण तयार करायलाही हा कायदा वाव देतो. स्वतः निवडून स्थिर केलेलं वाण शेतकरी वाण म्हणून नोंदवता येतं आणि त्यासाठी शेतकऱ्याला शुल्क लागत नाही. नोंदणीसाठी वाण वेगळं, एकसारखं आणि स्थिर असल्याचं दाखवावं लागतं. तेव्हा पहिल्या हंगामापासून दर पिढीची तारीख, झाडांची संख्या, उपटलेली झाडं आणि फळांचे फोटो वहीत ठेवा, आणि प्रत्येक पिढीचं थोडं बी बाजूला राखून ठेवा.